दरोडेखोरांची आत्मचरित्रं आणि जुन्या वेस्टर्न पटकथा: संग्रह सुरू करणाऱ्यांसाठी

५ ऑक्टोबर १८९२ ला कॅन्सासमधल्या कॉफीव्हिल गावात डाल्टन टोळीने एकाच वेळी दोन बँका लुटायचा घाट घातला. गावकऱ्यांनी बंदुका काढल्या आणि काही मिनिटांत चार दरोडेखोर आणि चार गावकरी मेले. वीसहून जास्त जखमा झालेला धाकटा एमेट डाल्टन तेवढा वाचला. त्याला जन्मठेप झाली आणि १९०७ मध्ये माफी मिळाली. पुढे तो कॅलिफोर्नियात गेला, सिनेमाच्या धंद्यात शिरला, १९१८ मध्ये मासिकातून आठवणी छापल्या आणि १९३१ मध्ये जॅक जंगमायर या लेखकाच्या मदतीने ‘व्हेन द डाल्टन्स रोड’ हे पुस्तक काढलं. १९३७ मध्ये तो वारला आणि १९४० मध्ये युनिव्हर्सलने त्याच नावाचा सिनेमा केला.

एकाच माणसामागे मासिकाचे अंक, पुस्तक, पटकथेचे खर्डे आणि जाहिरातीचे कागद, असा माग राहतो. म्हणून अमेरिकन ‘आउटलॉ’ लोकांच्या आठवणी आणि जुन्या वेस्टर्न पटकथा जमवणारे लोक बहुधा तेच असतात. मी या नादाला लागलो तेव्हा मराठीत सांगणारं कुणी नव्हतं आणि इंग्रजीतला मजकूर अमेरिकेत राहणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. त्यात कस्टमही नसतं आणि पावसाळाही नसतो. म्हणून हा लेख.

या छंदात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा: माझ्या हातातला कागद नेमका कुठल्या टप्प्यावरचा आहे? पहिली छपाई की पन्नास वर्षांनंतरची? पहिला खर्डा, शूटिंगची प्रत, की कुणीतरी नंतर काढलेली झेरॉक्स? दरोडेखोर खरं बोलतोय की खोटं, हा प्रश्न त्यानंतरचा. (बहुतेक वेळा खोटंच बोलतोय.)

आधी हाताशी काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी वापरतात ते चालतं.
- छोटी यूव्ही टॉर्च. नोटा तपासायला मिळते तीच.
- मऊ पेन्सिल, २बी. पुस्तकावर शाईने काहीही लिहायचं नाही.
- खोलीतला दमटपणा दाखवणारं डिजिटल आर्द्रतामापक.
- आम्लरहित कागदाची पाकिटं किंवा पेट्या, आणि पॉलिएस्टरचे पारदर्शक जॅकेट. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं पीव्हीसी नको.
- कुरिअरच्या केवायसीसाठी पॅन आणि आधार.
- प्रत्येक खरेदीची पावती, पैसे भरल्याचा पुरावा आणि विक्रेत्याने लिहिलेल्या वर्णनाची छापील प्रत. विकलं गेलं की ते पान संकेतस्थळावरून उडतं, म्हणून त्याच दिवशी छापून ठेवा.

१. विकत घेण्याआधी फुकट वाचा

अमेरिकेत छापून ९५ वर्षं उलटलेली पुस्तकं तिथल्या कायद्याने मुक्त होतात. त्यामुळे जॉन वेस्ली हार्डिन, कोल यंगर, टॉम हॉर्न, अल जेनिंग्ज या सगळ्या ‘आउटलॉ’ लोकांच्या आठवणी इंटरनेट आर्काइव्ह किंवा हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयांत स्कॅन केलेल्या सापडतात. नुसता मजकूर वाचून थांबू नका. शीर्षकपान, त्याच्या मागचं पान, एकूण पानं आणि चित्रांच्या जागा नीट बघून वहीत उतरवा. उद्या विक्रेत्याने पाठवलेला फोटो ताडून बघायचा तो याच नोंदींशी.

दुसरं नाव रॅमन अॅडम्स यांचं. त्यांची ‘सिक्स-गन्स अँड सॅडल लेदर’ ही सूची १९५४ मध्ये आली आणि १९६९ मध्ये वाढवून निघाली. पश्चिमेतल्या दरोडेखोरांवरची पुस्तकं आणि चोपडी त्यात क्रमांकाने नोंदवलेली आहेत. विक्रेत्याच्या वर्णनात ‘अॅडम्स’ आणि पुढे आकडा दिसला की तो या सूचीतला क्रमांक. ‘बर्स अंडर द सॅडल’ या १९६४ च्या दुसऱ्या पुस्तकात अॅडम्स यांनी एकेका लेखकाच्या थापा पान क्रमांकासकट पकडल्या आहेत. वाचायला धमाल आहे, आणि खरेदीची घाई असलेल्या माणसाला दोन आठवडे गप्प बसवायला उत्तम.

२. एक धागा धरा

‘वेस्टर्न’ एवढंच ठरवून सुरुवात केलीत तर वर्षभरात कपाट भरेल आणि संग्रह म्हणावा असं काही हाती नसेल. एक टोळी, एक राज्य किंवा एक माणूस निवडा.

बिली द किडचा धागा सगळ्यांना खुणावतो, पण नवख्याने तो सोडावा. त्याला गोळी घालणारा शेरीफ पॅट गॅरेट याच्या नावावर १८८२ मध्ये सांता फे इथे निघालेलं पुस्तक (लेखणी बहुतांशी अॅश अप्सनची) मूळ कागदी वेष्टनात बघायला मिळणंही दुर्मीळ, विकत घेणं दूरच.

जेम्स-यंगर टोळीचा धागा मधला. कोल यंगरचं आत्मकथन १९०३ चं, शिकागोचं. जेसी जेम्सच्या मुलाने वडिलांवर लिहिलेलं पुस्तक १८९९ चं. याच मुलाने १९२१ मध्ये सिनेमात बापाची भूमिका केली.

माझी शिफारस ओक्लाहोमाची, आणि त्यातही अल जेनिंग्जची. हा मूळचा वकील. १८९७ च्या सुमाराला त्याने काही महिने आगगाड्या लुटल्या, त्याही धड लुटता आल्या नाहीत. ओहायोच्या तुरुंगात पुढे ओ. हेन्री म्हणून गाजलेला कथाकार त्याच्यासोबत होता. सुटल्यावर १९०८ मध्ये त्याने ‘द बँक रॉबरी’ या मूकपटात काम केलं, आणि त्याचा दिग्दर्शक होता बिल टिल्घमन, म्हणजे दरोडेखोर पकडण्यात हयात घालवलेला मार्शल! १९१४ मध्ये विल अर्विनच्या मदतीने ‘बीटिंग बॅक’ हे पुस्तक, त्याच वर्षी त्यावर सिनेमा आणि त्याच वर्षी गव्हर्नरपदाची उमेदवारी. १९२१ मध्ये ओ. हेन्रीबरोबरच्या दिवसांवर दुसरं पुस्तक. १९५१ मध्ये कोलंबिया स्टुडिओने त्याच्यावर रंगीत सिनेमा केला तेव्हा स्वारी हयात होती. १९६१ पर्यंत जगला. दरोडेखोर म्हणून अगदीच किरकोळ, पण कागद मागे ठेवण्यात पहिला नंबर. शिवाय त्याची पुस्तकं मोठ्या प्रकाशकांनी काढल्यामुळे आजही बऱ्यापैकी मिळतात.

त्याच्याच मुलखातल्या हेन्री स्टारचं १९१४ चं टल्सा इथलं चोपडं मात्र सहज मिळेल असं समजू नका. स्टारनेही १९१९ मध्ये स्वतःच्या आयुष्यावरच्या सिनेमात काम केलं आणि १९२१ मध्ये पुन्हा बँक लुटायला गेला. तिथे लागलेल्या गोळीने मेला.

३. पुस्तक: पहिली छपाई कशी ओळखायची

नवखा माणूस सर्वांत जास्त इथे फसतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

शीर्षकपानावरचं वर्ष हे पुरावा नव्हे. हार्डिनचं आत्मचरित्र १८९६ मध्ये टेक्ससमधल्या सेगीन गावी छापलं गेलं आणि ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९६१ मध्ये पुन्हा काढलं. हॉर्नचं मूळ १९०४ चं, डेन्व्हरचं. तेही नंतर ओक्लाहोमा विद्यापीठाकडूनच निघालं. ही विद्यापीठाची पुनर्मुद्रणं आटोपशीर, प्रस्तावनेसकट आणि स्वस्त असतात. वाचायला तीच घ्या. तक्रार आहे ती मागणीनुसार छापणाऱ्यांची. जुन्या स्कॅनवरून आज छापलेल्या प्रतीवर ते ‘प्रकाशन वर्ष १९०४’ असं टाकतात आणि शोधयंत्र ती प्रत खऱ्या १९०४ च्या शेजारी आणून बसवतं. किंमत संशयास्पद कमी आणि फोटो नाही, किंवा फोटोत कोरं चकचकीत मुखपृष्ठ, असं दिसलं की पुढे जा.

प्रत हातात आली की पान खिडकीशी तिरकं धरा. त्या काळची छपाई शिशाच्या खिळ्यांची किंवा खिळ्यांवरून ओतलेल्या पत्र्यांची. अक्षर कागदात किंचित रुतलेलं असतं, पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर कधी कधी उठावही लागतो. भिंगातून बघितलं तर अक्षराच्या कडेला शाईची जराशी गडद किनार दिसते, कारण दाबाने शाई कडेला सरकते. नंतरच्या ऑफसेट प्रतीत अक्षर सपाट असतं, बारीक रेषा तुटलेल्या असतात आणि ‘ई’ किंवा ‘ए’ अशा अक्षरांची पोटं भरलेली दिसतात. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघा, पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

मग प्रकाशक. डबलडे, डोरान हे प्रकाशक त्या काळात पहिल्या छपाईला कॉपीराइटच्या पानावर ‘फर्स्ट एडिशन’ असं छापायचे. डाल्टनच्या १९३१ च्या प्रतीत ते शोधा. ग्रॉसेट अँड डनलॅप किंवा ए. एल. बर्ट ही नावं दिसली की ते स्वस्त पुनर्मुद्रण समजायचं, मग आतलं कॉपीराइटचं वर्ष काहीही असो. ही मंडळी मूळ प्रकाशकाचेच पत्रे भाड्याने घेऊन छापत, त्यामुळे आतलं पान हुबेहूब तेच दिसतं.

वर्ष तेच, प्रकाशक तोच आणि तरी पुस्तक वेगळं, असंही घडतं. चार्ली सिरिंगो हा गुराखी, पुढे पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीचा माणूस. दरोडेखोरांच्या मागावर त्याने वर्षं घालवली, म्हणून या संग्रहात तो हवाच. १९१२ च्या त्याच्या पुस्तकावर पिंकर्टनने कोर्टकचेरी केली आणि त्याला कंपनीचं नाव ‘डिकन्सन’ असं बदलावं लागलं. १९१५ चं पुस्तक कंपनीने दाबलंच. १९२७ मध्ये हॉटन मिफ्लिनने ‘रिआटा अँड स्पर्स’ काढलं, पुन्हा आक्षेप आला, प्रत मागे घेतली गेली आणि त्याच वर्षी गुप्तहेरगिरीचा भाग काढून त्या जागी दुसरा मजकूर घालून ते पुन्हा निघालं. बाहेरून बघताना खूण एकच: उपशीर्षकात ‘काउबॉय अँड डिटेक्टिव्ह’ असेल तर आधीचं, ‘काउबॉय अँड रेंजर’ असेल तर कात्री लागलेलं. विक्रेत्यांच्या यादीत कित्येकदा नुसतं ‘१९२७, पहिली आवृत्ती’ एवढंच असतं. शीर्षकपानाचा फोटो मागितल्याशिवाय पैसे भरू नका.

डस्ट जॅकेट, म्हणजे पुस्तकावरचं सुटं कागदी वेष्टन, किमतीचा मोठा हिस्सा खातं. १९३० च्या आसपासच्या पुस्तकाला जॅकेट असलं तर भाव कित्येक पट होतो. म्हणून आज रंगीत प्रिंटरवर काढलेली जॅकेटं जुन्या पुस्तकांवर चढवून विकली जातात. प्रामाणिक विक्रेता ‘फॅक्सिमिली जॅकेट’ असं लिहितो. इतरांसाठी भिंग आहे: इंकजेटची छपाई फवारा मारल्यासारखी विखुरलेल्या ठिपक्यांची दिसते.

आणि सही. हार्डिनला ऑगस्ट १८९५ मध्ये एल पासोत गोळी घातली, पुस्तक आलं १८९६ मध्ये. हॉर्नला नोव्हेंबर १९०३ मध्ये फाशी दिली, पुस्तक आलं १९०४ मध्ये. यांची ‘लेखकाची सही असलेली प्रत’ कुणी विकत असेल तर त्याला नमस्कार करा आणि निघा. एमेट डाल्टन, जेनिंग्ज आणि सिरिंगो हे मात्र आपली पुस्तकं हातात घेऊन फिरले, त्यांच्या सह्या असू शकतात. अशी सही घेताना ती प्रत आधी कुणाकडे होती हे विचारा. उत्तर नसेल तर बिनसहीच्या प्रतीचाच भाव द्या.

४. पटकथा: पान कसं वाचायचं

पुस्तकाच्या दुनियेतून इथे आलात की सवय मोडावी लागते. पटकथा विकण्यासाठी छापलेली नसते. ती स्टुडिओतल्या लोकांना काम करायला काढलेली, ‘परत करावी’ असा शिक्का मारलेली वस्तू असते. तो शिक्का बघून घाबरू नका, बहुतेक जुन्या प्रतींवर तो असतो आणि बाजार उघडपणे चालतो.

आधी हे पक्कं करा की समोर आहे ती पटकथाच आहे का. ‘कटिंग कंटिन्युइटी’ नावाचा कागद सिनेमा तयार झाल्यावर करतात. त्यात प्रत्येक तुकडा आणि त्याची फुटांमधली लांबी लिहिलेली असते. अभ्यासाला तो उपयोगी आहे, पण सिनेमा घडण्याआधीचं त्यात काही नसतं. दुसरा गोंधळ छापील पटकथांचा. १९६९ च्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ची पटकथा पेपरबॅकमध्ये निघाली होती. तशी प्रत मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांच्या ढिगात दिसली तर जरूर उचला, फक्त तिला स्टुडिओची प्रत म्हणू नका.

आता खरी प्रत. पहिल्या पानावर स्टुडिओ, सिनेमाचं नाव, लेखक, तारीख आणि टप्पा असतो: ‘टेम्पररी’, ‘फायनल’, ‘रिव्हाइज्ड फायनल’ वगैरे. ‘फायनल’ या शब्दावर जाऊ नका. त्यानंतरही महिनोन्महिने बदल होत. नावही बदलतं. बुच कॅसिडीच्या पटकथेचं मूळ नाव उलट क्रमाने, सनडान्स किड आधी असं होतं. त्यामुळे शोधताना सिनेमाचं कामचलाऊ नाव माहीत असलं पाहिजे. विक्रेत्यालाच ते ओळखता आलं नसेल तर तुमचं नशीब उघडलं.

बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर काढतात: निळी, गुलाबी, पिवळी, हिरवी. क्रम स्टुडिओगणिक थोडा फिरतो. पानाच्या कोपऱ्यात बदलाची तारीख असते. चार-पाच रंगांची प्रत बघून ‘कुठून कुठून जोडलीय’ असं वाटतं, पण ती शूटिंगमधून गेलेली प्रत असते आणि संग्राहकाला तीच हवी असते. उलट सगळी पानं एकसारखी पांढरीफटक आणि तारखा मात्र वेगवेगळ्या असतील, तर ती बहुधा अशा रंगीत प्रतीची नंतर काढलेली झेरॉक्स.

पानं मोजताना आणखी एक गंमत. ४५ नंतर ४५अ आणि ४५ब येतात, कारण मध्ये मजकूर वाढला. आणि एकाच पानावर ‘४६-४८’ असा क्रमांक असतो, कारण तीन पानांचा मजकूर कापून एका पानावर आला. असे जोडक्रमांक जास्त असले तर शेवटच्या पानाचा आकडा १२० आणि हातात पानं ११७, तरी प्रत पूर्ण असू शकते. विक्रेत्याने ‘तीन पानं गहाळ’ लिहून किंमत उतरवली असेल तर त्या जोडक्रमांकांचे फोटो मागा.

खरेपणाच्या चाचण्या अशा:

- १९६० च्या आधीच्या प्रती टंकलेखन करून किंवा स्टेन्सिल कापून मिमिओग्राफवर काढलेल्या असतात. आपल्याकडे शाळेच्या प्रश्नपत्रिका ‘सायक्लोस्टाइल’ करायचे तेच हे. शाई कागदात जराशी पसरलेली, ‘ओ’चा गोल कधी कधी तुटून पडलेला.
- साध्या कागदावर बटण दाबून प्रत काढणारं पहिलं झेरॉक्स यंत्र १९५९ मध्ये आलं. १९४० च्या सिनेमाची झेरॉक्स प्रत म्हणजे नंतरची प्रत. मजकूर खरा असेल, वस्तू नाही.
- अंधारात यूव्ही टॉर्च मारा. १९५० च्या दशकापासून कागदात उजळपणासाठी रसायनं घालू लागले, ती निळसर चमकतात. १९३९ ची म्हणवणारी प्रत दुधी निळी चमकली तर विकणाऱ्याला प्रश्न विचारा.
- अमेरिकन कागद साडेआठ बाय अकरा इंच. ए-४ वर काढलेली ‘हॉलिवुडची मूळ प्रत’ ही मूळ नाही.

मुखपृष्ठावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव किंवा समासात वाद्यवृंदाचा, घोड्यांचा, कपड्यांचा हिशेब असेल तर खोडू नका, साफ करू नका. कुठल्या खात्यातल्या माणसाची प्रत होती हे त्यातूनच कळतं. माझ्या मते दिग्दर्शकाच्या नावाच्या संशयास्पद प्रतीपेक्षा घोडे पुरवणाऱ्याची खरी प्रत शंभर पटीने बरी.

मूकपटांच्या काळातले खर्डे बाजारात फार क्वचित येतात. १९१४ च्या ‘बीटिंग बॅक’ची पटकथा शोधत बसू नका. १९५१ च्या कोलंबियाच्या सिनेमावर लक्ष ठेवा.

५. कुणाकडून घ्यायचं

सुरुवात अमेरिकेतल्या एबीएए किंवा आंतरराष्ट्रीय आयलॅब या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांच्या संघटनांच्या सदस्यांपासून करा. किंमत जास्त पडते, पण वर्णन चुकलं तर वस्तू परत घेतात. हॉलिवुडमधलं लॅरी एडमंड्स हे दुकान १९३८ पासून सिनेमाच्या कागदांसाठी ओळखलं जातं. व्हायालिब्रीवर अनेक संकेतस्थळांचा एकत्र शोध घेता येतो. ईबेवर घबाडही मिळतं आणि कचराही. वर दिलेल्या चाचण्या पाठ झाल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

अवस्थेची परिभाषा फसवी आहे. ‘फाइन’ म्हणजे उत्तम, ‘व्हेरी गुड’ म्हणजे वापरलेलं पण ठीक आणि ‘गुड’ म्हणजे बऱ्यापैकी खराब. ‘एक्स-लायब्ररी’ म्हणजे शिक्के, खिसा आणि डिंकाचे डाग सोबत.

लिलावात पुकारलेल्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, बहुधा पाव भागाच्या आसपास. त्यावर पाठवणी, विमा, कस्टम. हजार डॉलरची बोली लावताना डोक्यात दीड हजाराचा आकडा ठेवा.

६. पैसे आणि कस्टम

आयात पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पापासून ५ टक्के सीमाशुल्क आहे. दर बदलत असतात, म्हणून मागवण्याआधी चालू दर बघा. खरी अडचण दरापेक्षा वर्णनाची असते. पाकिटावर नुसतं ‘कलेक्टिबल’ किंवा ‘मेमोरॅबिलिया’ लिहिलेलं असेल तर अधिकारी त्याला पुस्तक का मानेल? विक्रेत्याला आधीच सांगा: पावतीवर ‘जुनं छापील पुस्तक’, लेखक, वर्ष आणि वैयक्तिक वापरासाठी, असं स्पष्ट लिहा. पटकथा छापील पुस्तकात बसेलच असं नाही. तिच्यावर वेगळा दर लागू शकतो, तेवढी तयारी ठेवा.

‘गिफ्ट लिहून पाठवतो, किंमत कमी दाखवतो’ असं विक्रेता मोठ्या मनाने म्हणतो. नको म्हणा. भेटवस्तूंना पाच हजार रुपयांपर्यंत असलेली सूट २०१९ च्या डिसेंबरमध्येच गेली आणि खोटी किंमत पकडली गेली तर दंड तुम्हाला. शिवाय पाकीट हरवलं तर विमा तेवढ्याच खोट्या किमतीचा मिळतो.

वैयक्तिक वापराच्या आयातीला आयईसी (आयात-निर्यातदाराचा) क्रमांक लागत नाही. एखादा कुरिअरवाला मागेल, तेव्हा शांतपणे केवायसीची कागदं पुढे करा. अमेरिकेत भाऊ-बहीण, मामे-चुलत कुणी असेल तर वस्तू त्यांच्या पत्त्यावर घेऊन येताना आणायला सांगणं सर्वांत सोपं. फक्त ती हातातल्या बॅगेत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, आणि पावतीसकट.

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत मी काहीही मागवत नाही. एकदा आत प्लास्टिक न घातलेलं पाकीट भर पावसात फाटकावर टेकवून कुरिअरवाला निघून गेला, तेव्हापासून हा नियम. विक्रेत्याला पावसाळ्याचं कारण सांगितलं की बहुतेक जण वस्तू ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवतात.

७. आपल्या हवेत कागद टिकवणं

१८८० ते १९५० मधला बहुतेक स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि कोपरा दुमडला की तुकडाच पडतो. मिमिओग्राफचा कागदही त्यातलाच. त्याला थांबवता येत नाही, सावकाश करता येतं.

आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हे नुसत्या पंख्याने जमत नाही. घट्ट झाकणाची पेटी, सिलिका जेल आणि आठवड्याला एकदा आर्द्रतामापकाकडे नजर, एवढं हवं. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. कपाट बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या, चिकटवू नका. पुणे-नाशिककडे ओल कमी, पण उन्हाळ्यातला उजेड पुठ्ठ्याचा कणा पांढरा करतो.

नवीन आलेली प्रत कपाटात लगेच घालू नका. कसर किंवा तिची अंडी असू शकतात. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गारव्यामुळे पानांवर पाणी सुटेल. कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवायची जुनी पद्धत मी पाळतो. डांबरगोळ्या मात्र नकोत, त्यांचा वास कागदात कायमचा बसतो आणि तो श्वासात जाणंही बरं नाही.

पटकथेचे लोखंडी चाप गंजलेले असतील तर हलकेच काढून वेगळ्या पाकिटात त्याच प्रतीसोबत ठेवा. पितळी असतील तर राहू द्या. सेलोटेप, फेव्हिकॉल, पुठ्ठा नवा बांधून घेणं, हे सगळं वर्ज्य. आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने ‘साहेब, लॅमिनेशन करून देतो, कधी फाटणार नाही’ म्हटलं, तर प्रत छातीशी धरून तिथून पळा.

८. नोंद आणि हक्क

प्रत्येक वस्तूला वहीत एक पान द्या: कुठून, कधी, किती रुपयांना, कस्टमचा क्रमांक, पानांची मोजणी, दोष, चाचण्यांचे निकाल. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली ७५ वर्षांपेक्षा जुनी हस्तलिखितं आणि दस्तऐवज येतात. उद्या १९४० ची पटकथा परदेशात विकायची झाली तर ती बाहेरूनच आली होती हे दाखवणारी कागदपत्रं तुमच्या बाजूने उभी राहतील. म्हणून आयातीच्या पावत्या कधीही टाकू नका, आणि वस्तू देशाबाहेर पाठवायच्या आधी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कचेरीत विचारून घ्या.

पटकथेचा कागद तुमचा, मजकुराचे हक्क स्टुडिओचे. पूर्ण स्कॅन करून टाकणं किंवा प्रती काढून विकणं बेकायदा. एकट्याने वाचणं, अभ्यासासाठी टिपणं काढणं यात अडचण नाही.

एखाद्या सिनेमाचे खर्डे विकत घेणं परवडत नसेल तर बेव्हर्ली हिल्समधल्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयात ते बघता येतात. तिकडे कुणाचं जाणं होत असेल तर आधी त्यांच्या सूचीत सिनेमाचं नाव शोधून, हव्या त्या वस्तूंची यादी तयार ठेवून जा. आणि हे सगळं करता करता मन आपल्याकडच्या सिनेमाकडे वळलंच, तर पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. तिथे पटकथा आणि गाण्यांची चोपडी अभ्यासकांना बघता येतात, पण आधी अर्ज द्यावा लागतो. सोबत ओळखपत्र ठेवा, आणि अर्जात विषय मोघम न लिहिता सिनेमाचं नाव आणि वर्ष लिहा.